गुलमोहराचा बुडखा : उपटायचा नाही, पोखरायचा

९ फेब्रुवारी

आज मापं घेतली. बुडखा जमिनीपासून दीड फूट उंच. वरचा व्यास २६ इंच. बुडाशी मुळांचे पंख धरले तर चार फुटांच्या वर जातो. कंपाउंडची चार इंची भिंत सव्वा फुटावर. नळाची लाइन दुसऱ्या अंगाने, साधारण दोन फुटांवरून घरात जाते. गेट साडेतीन फुटांचं, म्हणजे जेसीबी आत येण्याचा प्रश्नच नाही.

झाड गुलमोहराचं. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात हे घर बांधलं त्या वर्षी, १९९४ मध्ये, सासऱ्यांनी लावलेलं. गेल्या जूनच्या वादळात ते अर्ध्यातून मोडलं. राहिलेलं खोड भिंतीकडे झुकलं होतं, म्हणून रीतसर अर्ज करून ते उतरवून घेतलं. झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी महाराष्ट्रातल्या शहरी हद्दीत १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू होतो आणि तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. परवानगीचा कागद आणि मोडलेल्या झाडाचे फोटो एकाच फाइलीत ठेवले आहेत.

उरलाय तो हा बुडखा. पावसाळ्याच्या आत त्याचं काय ते करायचं आहे.

१२ फेब्रुवारी

खोदकामाचे भाऊ पाहून गेले. हातात सब्बल होती. त्यांनी बुडाशी माती थोडी उकरली, एका मुळावरून हात फिरवत भिंतीपर्यंत गेले आणि उठून उभे राहिले.

"वहिनी, मुळी भित्तीखालून पलीकडं गेली. हे उपटाले गेलो तं भित्त सोबत येईन."

"मुळं भिंतीशी कापून घेतली तर?"

"कापता येते. पण मंग खड्डा केवढा होईन ते पाहा. पावसात त्यात पाणी बसन. आपली काळी माती हाय."

मजुरी मिळाली असती तरी त्यांनी काम नको म्हटलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्यांच्या बोलण्यातला काळ्या मातीचा मुद्दा खरा कळीचा आहे, म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

नागपूरचा पश्चिम भाग दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला आहे. तो दगड झिजून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिच्या कणांच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात आमच्या अंगणात पडणाऱ्या भेगांमध्ये बोटं सहज जातात. जुलैत त्या भेगा दिसतही नाहीत. हलकी भिंत या मातीबरोबर वर्षातून एकदा वर-खाली होतेच. त्यातून झाड गेल्यामुळे ते जे पाणी ओढून घेत होतं ते आता मातीतच राहणार, म्हणजे माती आधीपेक्षा जास्त फुगणार. अशा वेळी मुळांचं सगळं जाळं एका दिवसात ओढून काढलं आणि चार फुटी खड्डा सैल भरावाने बुजवला, तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी तिथेच शिरेल आणि पायाखालची माती मऊ करेल. मुळं जागच्या जागी राहिली तर ती हळूहळू, वर्षानुवर्षं कुजतात. मातीलाही सावकाश बसायला वेळ मिळतो.

ठरलं. बुडखा जमिनीतून काढायचा नाही. आतून पोखरायचा, पाण्याला वाट करून द्यायची आणि त्यात माती भरून फुलझाडं लावायची.

१५ फेब्रुवारी

सल्ले बरेच येताहेत. एकेकाचा निकाल लावते.

मीठ: नाही. सोडियमने चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, मातीची जडणघडण मोडते आणि पाणी मुरेनासं होतं. काळ्या मातीला हेच दुखणं मुळात आहे.

अॅसिड: विचारसुद्धा नाही. अंगणात मुलं खेळतात, नळाची लाइन शेजारून जाते.

जाळणे: हा सल्ला सगळ्यात जास्त लोकांनी दिला. "रॉकेल ओता, दोन दिवसांत राख." बुडख्याला वरून आग लावली की ती मुळांमध्ये शिरून आतल्या आत धुमसत राहते. उन्हाळ्यात मातीला भेगा असतात, त्यातून तिला हवा मिळत जाते. वर विझलेली दिसते आणि भलत्याच ठिकाणी धूर निघतो. भिंतीखालून मूळ गेलेलं असताना हे करणं म्हणजे शेजाऱ्यांच्या अंगणात निखारा ठेवणं. शेजारच्या काकूंना हे समजावून सांगितलं, त्यांना पटलं.

युरिया: यात तथ्य आहे. लाकडात कार्बन अफाट आणि नत्र अगदी थोडं. कुजवणाऱ्या बुरशीला नत्र कमी पडतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं. भोकं पाडून त्यात युरिया भरला आणि ओल राखली तर कुजण्याचा वेग वाढतो. पण मला कडा शाबूत हवी आहे, म्हणून बुडख्यात युरिया नाही. फरशीखाली घुसलेल्या दोन मुळांसाठी ही युक्ती राखून ठेवली.

२ मार्च

चेनसॉवाल्याला बोलवायच्या आधी लोखंड शोधलं. या झाडाला वर्षानुवर्षं कपड्यांच्या दोऱ्या बांधलेल्या होत्या. झाड वाढतं तसं खिळा, तार, हुक जे काही ठोकलेलं असेल ते पोटात घेतं आणि वरून साल भरून येते. बाहेरून काही कळत नाही. चालत्या चेनला आत खिळा लागला तर दात तर जातातच, चेन तुटून अंगावरही येऊ शकते.

जुन्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून बुडख्याभोवती सावकाश फिरवला. गेटच्या बाजूला, जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर तो चिकटला. पटाशीने साल उचलली तेव्हा आत बोटाएवढा हुक निघाला, गंजाने काळा, आणि त्याच्याभोवतीचं लाकूड निळसर काळं पडलेलं. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की असा डाग पडतो. पक्कड आणि पहारीच्या टोकाने तो सोडवला. सासूबाईंनी तो हुक ओळखला.

दुपारी चेनसॉने माथा सपाट करून घेतला. मशीनवाले भाऊ पोकळीसुद्धा चेनसॉनेच कोरून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. पात्याचं टोक लाकडात सरळ खुपसताना टोकाचा वरचा भाग लागला की मशीन उसळून थेट माणसाच्या तोंडाकडे येतं. रोज हेच करणाऱ्यालाही ते अवघड जातं, आणि इथे घाई कशाचीच नाही.

९ मार्च

माथा सपाट झाल्यावर झाड का मोडलं ते उघड दिसलं.

बाहेरचं लाकूड पिवळसर पांढरं, घट्ट. आत मात्र मधोमध वीतभर रुंदीचा भाग तपकिरी, ओलसर आणि बोटाने दाबला तर दबणारा. एका बाजूला मऊ पांढरे धागे पसरलेले. आणि बुडाशी, भिंतीच्या बाजूला, गवत उपटल्यावर दिसली ती कडक बुरशी: हाताच्या पंजाएवढी, फळीसारखी बाहेर आलेली, वरून तांबूस तपकिरी आणि लाखेसारखी चकचकीत, कडेला पांढरी रेघ. ही गॅनोडर्मा. गुलमोहरावर ती नेहमी येते. मुळांतून किंवा बुडाच्या जखमेतून शिरते आणि खोडाचा आधार आतून खाते. वर फुलं येत राहतात, पानं येत राहतात, आणि एका वादळात झाड जातं.

यातून दोन गोष्टी ठरल्या. मधला भाग बुरशीने आधीच पोखरला आहे, म्हणजे माझं काम बरंच हलकं होणार. आणि या जागेत पुन्हा गुलमोहर किंवा दुसरं कुठलंही मोठं झाड लावायचं नाही. ही बुरशी जुन्या मुळांमध्ये वर्षानुवर्षं टिकते. निघणारा भुसा आणि ढलपेही पेरूच्या किंवा लिंबाच्या आळ्यात टाकायचे नाहीत. वेगळ्या पोत्यात भरून बाहेर काढायचे.

ज्यांच्या अंगणात गुलमोहर उभा आहे त्यांना कळकळीने सांगते: वर्षातून एकदा, पावसाळा संपता संपता, बुडाभोवतीचं गवत काढून नीट पाहा. अशी फळीसारखी बुरशी दिसली तर माणूस बोलावून झाड तपासून घ्या. आमच्या गुलमोहराच्या बुडाशी आम्ही फुलझाडांच्या कुंड्या रचून ठेवल्या होत्या.

कुजलेला गर खुरप्याने काढायला घेतला. आत पांढऱ्या, जाडजूड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या निघाल्या, डोकं तपकिरी आणि चकचकीत. मोठ्या भुंग्यांच्या अळ्या असतात अशा. कुजकं लाकूड हेच त्यांचं अन्न. बाजूला काढून ठेवल्या तर साळुंक्यांनी पाचेक मिनिटांत उचलून नेल्या. गर काढताना नाकातोंडाला मास्क लावला. कुजक्या लाकडाच्या धुळीत बुरशीचे बीजाणू भरलेले असतात.

१६ मार्च

पोखरायला सुरुवात. सकाळी सहा ते नऊ, नंतर ऊन सोसत नाही.

पद्धत अशी. कडेपासून तीन इंच आत खडूने गोल आखला. त्या गोलावर ड्रिलच्या १२ मिलिमीटरच्या लांब बिटने जवळजवळ भोकं पाडली. बिटला १० इंचांवर लाल टेप गुंडाळली, टेप लाकडाला टेकली की थांबायचं. मग आतल्या भागात २५ मिलिमीटरच्या चपट्या बिटने जमतील तेवढी भोकं.

लाकडाचे तंतू उभे असतात आणि आपण वरून खाली, तंतूंच्या दिशेनेच भोक पाडतो, म्हणून काम अपेक्षेपेक्षा सावकाश होतं. ओला भुसा बिटच्या खाचेत बसतो, घासून तापतो, करपल्याचा वास येतो. दर इंचाला बिट चालू ठेवूनच बाहेर ओढायचं आणि भुसा झटकायचा. घरगुती ड्रिल सलग रेटलं की गरम होतं. हात लावून पाहायचं आणि गार होईपर्यंत तेवढ्या वेळात पटाशीचं काम करायचं.

३० मार्च

गुढीपाडवा. आज अवजारांना हळदकुंकू, काम बंद.

६ एप्रिल

भोकांमधल्या भिंती फोडल्या. लकडगंजकडच्या एका सुतारकाकांकडून जुनी जाड पटाशी आणि आखूड दांड्याचा वाकस (आडव्या पात्याचं तासायचं हत्यार) उसना आणला आहे. लकडगंजात आरामशिनी आणि लाकडाची दुकानं पहिल्यापासून आहेत, तिथे अशी हत्यारं अजून वापरात दिसतात. काकांनी धार लावून दिली आणि एकच गोष्ट सांगितली: "कडेकडून आत मारा, आतून कडेकडं नको. नाहीतर कड फुटन."

त्याचा अर्थ हातात घेतल्यावर कळतो. उभ्या तंतूंमुळे ढलपा वरून खाली सरळ चिरत जातो. पटाशीचा चपटा भाग कडेच्या बाजूला ठेवून सरळ खाली मारली की भोकापासून भोकापर्यंतचा तुकडा सुटतो. पण तळाशी तो सुटत नाही, कारण तिथे तंतू तुटायला हवेत आणि पटाशी ते नुसते दाबते. तळाला वाकस लागतो: आडवा, कोपरातून, लहान घाव. घाव बरोबर बसला की नखाएवढा पातळ ढलपा उडतो आणि खाली गुळगुळीत पृष्ठ राहतं. भोथरा पडला की लाकूड ओरबाडलं जातं. आवाजही वेगळा येतो, धार गेल्याचं कानालाच कळतं.

कड तीन इंच राखली. भिंतीच्या बाजूला बुरशी कडेपर्यंत आली आहे, तिथे चांगलं लाकूड जेमतेम दोन इंच.

१३ एप्रिल

पाण्याची वाट. सगळ्यात महत्त्वाचं काम हे.

पोकळी ११ इंच खोल झाली, म्हणजे तिचा तळ जमिनीपासून सात इंच वर आहे. बरेच जण तळातून सरळ खाली, मातीपर्यंत भोक पाडायला जातात. खाली मातीच नसते. मुळांचा गड्डा फूट-दीड फूट खोल गेलेला असतो. भोक त्या गड्ड्यात संपतं आणि आत पाणी साचून राहतं. वाट बाजूने काढायची. बाहेरून, अंगणाच्या बाजूने, बिट किंचित वर रोखून तळाच्या सगळ्यात खोल जागी निघेल असं भोक पाडलं. २५ मिलिमीटरची दोन भोकं, हातभर अंतरावर. आतला तळ वाकसाने त्या बाजूला उतरता केला. भिंतीच्या आणि घराच्या जोत्याच्या दिशेने एकही भोक नाही.

बादलीभर पाणी ओतून पाहिलं. सगळं निघून गेलं, फक्त एका खळग्यात कपभर राहिलं. तो खळगा उद्या तासायचा.

कपभरासाठी एवढा आटापिटा का, असं घरात विचारलं गेलं. झाडाची ढोली हे डासांचं मूळ घर आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस तसल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उडते. आपण कूलरची टाकी आठवड्याला रिकामी करतो आणि अंगणात कायमची ढोली करून ठेवतो, हे चालणार नाही. माती भरेपर्यंत बुडख्यावर पत्रा झाकून ठेवणार.

२७ एप्रिल

पारा ४३ च्या पुढे. पश्चिमेच्या बाजूला कडेवर उभी भेग पडली, पोस्टकार्ड आत जाईल एवढी. लाकूड वाळताना परिघाच्या दिशेने जास्त आकसतं आणि केंद्राच्या दिशेने कमी, त्या ओढाताणीत ते चिरतं. मधलं लाकूड काढल्यामुळे ताण कमी झाला आहे. अखंड ठेवला असता तर याहून मोठ्या भेगा पडल्या असत्या. तरी ऊन एकाच बाजूला तापतं, म्हणून त्या बाजूला ओलं गोणपाट लावलं. वाळावं, पण सावकाश.

११ मे

इतवारीतल्या लोहा ओळीतून दीड इंची लोखंडी पट्टी आणली, वेल्डिंगवाल्याकडून गोल वळवून घेतली. त्यांचं म्हणणं होतं की बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तशी तापवून चढवू, गार झाली की घट्ट बसेल. कल्पना सुंदर आहे. पण चाकाचं लाकूड आधीच पुरतं वाळलेलं असतं. हा बुडखा अजून वर्षभर आकसत राहील आणि तापवून बसवलेली पट्टी सैल पडली की तिला आवळता येणार नाही. म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना कान वेल्ड करून मधे लांब नट-बोल्ट घातला. रेड ऑक्साइडचा हात मारून कडेखाली दोन इंचांवर बसवली. आवळताना भेग डोळ्यांदेखत मिटत आली.

२५ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू. कड आणि बाहेरची बाजू आता कोरडी आहे, नख मारलं तर ओल जाणवत नाही. जवसाच्या कच्च्या तेलाचा पहिला हात दिला. ओल्या लाकडात तेल मुरत नाही, वर चिकट थर धरून बसतं, म्हणून इतके दिवस थांबायला लागलं. पातळ हात, अर्ध्या तासाने उरलेलं तेल पुसून घ्यायचं. आतल्या बाजूला तेल नाही आणि प्लास्टिकही नाही. प्लास्टिक आणि लाकडाच्या मधे पाणी अडकलं की कूज उलट लवकर होते.

हे मात्र नीट वाचा: जवसाचं तेल लागलेली फडकी बोळा करून टाकायची नाहीत. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. नागपूरच्या मे महिन्यात तर विचारायलाच नको. फडकी पाण्याच्या बादलीत बुडवली, मग दोरीवर एकेक पसरून वाळवली.

८ जून

माती भरली. नुसती काळी माती घातली असती तर ओलीत फुगून तिने कडेवर रेटा दिला असता आणि मुळांना हवा मिळाली नसती. म्हणून चाळलेली काळी माती एक भाग, कन्हानची रेती एक भाग, गांडूळखत एक भाग, वर थोडं कोकोपीट. तळाला विटांचे तुकडे घातले नाहीत. भरड थराच्या वर बारीक मातीत पाणी थबकून राहतं, ते खाली सहज उतरत नाही. निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे. भोकांवर आतून फक्त नायलॉनची जाळी.

२२ जून

पाऊस लागला. मधोमध सदाफुलीची रोपं, कडेला चिनी गुलाबाच्या काड्या. दोन्ही ऊन आणि दुर्लक्ष सोसतात.

१३ जुलै

सदाफुलीची खालची पानं पिवळी पडायला लागली. निचरा तपासला, तो चांगला आहे. पानांच्या शिरांसकट पिवळेपणा आणि तोही जुन्या पानांपासून, म्हणजे नत्राची कमतरता. आतल्या भिंतीचं लाकूड आता ओल्या मातीला लागून कुजायला लागलंय आणि ती बुरशी आपल्याला लागणारं नत्र मातीतून ओढते. उपाय सोपा आहे: दर पंधरा दिवसांनी पातळ शेणकाला. बुडखा जोवर आहे तोवर हा खुराक साध्या कुंडीपेक्षा जास्तच द्यायला लागणार.

फरशीखालच्या मुळांमध्ये भोकं पाडून युरिया भरला, मातीने बुजवलं.

१७ ऑगस्ट

परवा रात्रभर धो धो पाऊस. सकाळी दोन्ही भोकांतून पाणी टपकत होतं, वर साचलेलं नव्हतं. भिंतीवरची जुनी भेग पेन्सिलच्या खुणेपुढे सरकलेली नाही. सदाफुलीची नवी पानं हिरवी आहेत.

बुडाशी चारी बाजूंनी उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, मातीच्या नळ्या शोधल्या, जोत्यापर्यंत पाहिलं, नाहीत. पावसाळा संपेपर्यंत दर रविवारी पाहायच्या. जोत्याकडे नळी सरकताना दिसली तर आधी ती मोडून वाळवीचं औषध जोत्याच्या बाजूला, मातीत. बुडख्यातल्या मातीत नाही.

गॅनोडर्माचं एक नवं पान भिंतीच्या बाजूला फुटलं होतं, मऊ आणि पांढरं असतानाच खरवडून पिशवीत भरलं. त्या बाजूची कड आधी जाणार हे दिसतंच आहे. गुलमोहराचं लाकूड टिकाऊ नाही, सागासारखी अपेक्षा ठेवून हे काम कोणी करू नये. थोडी वर्षं मिळतील, तेवढ्यात मुळं कुजून माती बसेल आणि मग उरलेला सांगाडा नुसत्या फावड्याने निघेल, भिंतीला धक्का न लावता.

ओलीने लाकूड फुगलं आहे, पट्टी ताठ झाली आहे; बोल्ट अर्धा आटा सैल केला. दिवाळीनंतर पुन्हा आवळायचा.